हौसाने विचारलं तेव्हा

चकली मोडल्याचा आवाज झाला आणि आम्ही सगळे बोलायचे थांबलो.

हौसा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट घेऊन बसली होती. तोंडावर पदर होता, पण पदराआड तिचा जबडा हलताना दिसत होता. तिने आणखी एक तुकडा तोंडात घातला. पुन्हा तसाच आवाज आला. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, हौसाची आई, ओवाळायचं ताट मांडत होती. तिचा हात निरांजनावर तसाच राहिला.

"आये, ऐकलंस?" हौसाने विचारलं.

"ऐकलं बाई. समद्या गल्लीनं ऐकलं."

"आजून एक खाऊ?"

"खा. पर दमानं. त्या दाक्तरीण बाईंनी काय सांगितलंय? पंधरा दिस मऊच खायाचं."

"इतकी वरसं मऊच खाल्लं की. भाकरी कुस्करून, भात कालवून. आज दिवाळी हाय."

ती हसली आणि सवयीने पदर वर ओढू लागली. मग काय वाटलं कोण जाणे, तिने तो खाली सोडला. दात जरा जास्तच सरळ, जास्तच पांढरे होते. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी बसवलेली कवळी ती. तरीही हौसाचा चेहरा मी त्या दिवशी प्रथमच पुरता पाहिला असं मला वाटलं. गाल भरले होते. ओठ आत वळलेले नव्हते. माझी मुलगी वैजू तिच्याकडे बघत म्हणाली, "हौसाताई, कसली गोड दिसतेस गं!"

"मग? त्या वजनकाट्यावाल्याला येड लागायचंच," हौसा म्हणाली.

"गप गं," आक्का ओरडली. पण तीही हसत होती.

ही सत्याऐंशी सालच्या भाऊबीजेची सकाळ. आज मी ब्याऐंशी वर्षांचा आहे. त्या दिवसानंतर मी पुष्कळ वाचलं, थोडंफार लिहिलंही, पण हे लिहायला कधी बसलो नाही. नीट लिहिता येईल याची अजूनही खात्री नाही.

मी दातांच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. डॉक्टर नव्हे. पण आक्काच्या गावी, शिरटोळीला, मला डॉक्टरांच्या बरोबरीचा मान होता. "आमचा नरू दातांच्या कालेजात हाय. समदी पुस्तकं त्याच्या हाताखालनं जात्यात," असं आक्का सांगायची. पुस्तकं हाताखालून जातात, हे खरंच होतं.

हौसाचे दात वेळेवर आले होते. चार वर्षांची झाली तेव्हा हिरड्या सुजल्या, तोंडाला वास येऊ लागला आणि एकेक दात हलून पडू लागला. दुखायचं फार नाही. भाकरीच्या घासात दात निघायचा, अख्खा. आक्का तो शेणात घोळून कौलांवर टाकायची आणि उंदराकडे नवा दात मागायची. उंदराने ऐकलं. सातव्या-आठव्या वर्षी नवे दात आले. ते पुन्हा तसेच सुजून, हलून, एकामागून एक गेले. सोळाव्या वर्षी तोंड रिकामं. हिरड्याही मग शांत झाल्या, जणू भांडण संपलं.

तिचे तळहात आणि तळपायही लहानपणापासून जाड, पिवळट, भेगाळलेले होते. तव्यावरची भाकरी ती हातानेच उलटायची. "मला उलथनं लागत न्हाई," असं ती पोरींना चिडवायची. पण गावात कुणी म्हणे हा महारोग आहे. बायका तिच्या हातचं पाणी टाळत. शाळा तिसरीत सुटली.

घरात तर वीस वर्षं एकच भांडण चाललं होतं, हा दोष कुणाच्या रक्तातला. आक्का दिली होती आमच्या सख्ख्या आत्याच्या घरात, आत्याच्या मुलाला. आत्या म्हणायची, "आमच्या घराण्यात माणसं बत्तीस दात घेऊन सरणावर गेली." आक्का म्हणायची, "आमच्या आबांनी साठाव्या वरसी दातानं सुपारी फोडली." ज्या आबांच्या दातांचा ती दाखला द्यायची ते आमचे वडील, आत्याचे सख्खे भाऊ. दोघींचं घराणं एकच आहे, हे भांडताना दोघींच्याही ध्यानात येत नसे. माझ्याही आलं नव्हतं. आत्या वारली तेव्हा मरताना तिने दाजींना म्हटलं होतं, "सुनंनं आनलं हे घरात." आक्काने ते माझ्यापाशी एकदाच सांगितलं. सांगताना ती रडली नाही, पण हातातला लुगड्याचा काठ तिने पार चुरगळून टाकला होता.

कॉलेजात हौसाला मीच आणलं होतं. फार उशिरा आणलं. हिरड्यांच्या विभागाच्या प्रमुख डॉ. मेढेकर मॅडम. त्यांनी आधी तोंड पाहिलं, मग काही न बोलता तिचे हात उलटे करून पाहिले. मग त्यांनी मला खुर्ची दिली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"तुमच्या बहिणीचं लग्न कुणाशी झालं?"

"आतेभावाशी."

"सख्ख्या आत्याच्या मुलाशी?"

"हो. आमच्यात करतात."

त्यांनी कागदावर चौकोन आणि गोल काढले. आबा, आत्या, आक्का, दाजी, विश्वास, हौसा. विश्वास म्हणजे हौसाचा थोरला भाऊ. त्याचे दात घट्ट होते, हात मऊ होते. आक्का आणि दाजींच्या मध्ये मॅडमनी, नात्यातलं लग्न म्हणून, एकाऐवजी दोन रेघा ओढल्या आणि हौसाचा गोल पेन्सिलीने भरून काळा केला.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः ग्रंथालयात आल्या. मीच कधीकाळी बांधून ठेवलेला एक जाडा खंड त्यांनी काढायला सांगितला. त्यात खूण घालून म्हणाल्या, "तीन पानं आहेत. पूर्ण वाचा. आणि घरी तुम्ही सांगा. मी हौसाशी बोलेन, पण तुमची बहीण माझं ऐकणार नाही. मी परकी पडते."

मी तो खंड घरी नेला. दिवाळीच्या सुट्टीत वाचायला.

आता त्या दिवाळीत घरी आणखी एक गोष्ट शिजत होती. एरवी भाऊबीजेला मी शिरटोळीला जात असे. त्या वर्षी हौसाच्या कवळीसाठी आक्काच आमच्याकडे राहायला आली होती, आणि येताना मनात एक बेत घेऊन आली होती. तिला आमची वैजू विश्वाससाठी सून म्हणून हवी होती. भावाची मुलगी बहिणीने मागायची, ही आमच्याकडची रीत. मागणीसुद्धा नव्हे ती, हक्कच.

माझी बायको इंदू हे ओळखून होती. भाऊबीजेच्या आदल्या संध्याकाळी ती अनारसे तळत होती. मला तिने हळूच हाक मारली.

"उद्या त्या ताटात वैजूला मागणार आहेत."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? सकाळपासून तिच्या वेण्या घालतायत. मी सांगून ठेवते, माझी मुलगी शिरटोळीला जाणार नाही. विश्वास सोन्यासारखा असू दे. चुलीपुढे बसायला नाही शिकवलं तिला."

"आक्काला नाही कसं म्हणायचं? ओवाळताना मागितलेलं—"

"तुम्हाला कुणालाच नाही म्हणता येत नाही." तिने झारा परातीवर आपटला. "एवढी पुस्तकं वाचता जन्मभर. एक कारण सापडत नाही?"

बाहेर मागच्या पायरीवर वैजू बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. विचारायचं होतं, जमेना. तीच म्हणाली, "बाबा, विश्वास चांगलाय. पण मला एम.एस्सी. करायचंय. तुम्ही आत्याला एवढंच सांगा ना. ती समजून घेईल."

एवढंच सांगायचं होतं. माझी मुलगी शिकणार आहे, आक्का. पण हे सांगितलं असतं तर आक्का म्हणाली असती, शिकलेली पोर आमच्या घरात खपत न्हाई व्हय? आणि ते खरं असतं, निदान इंदूच्या बाबतीत. ते खरं तोंडावर ऐकायची मला भीती वाटली. मी आत गेलो, दिवा लावला आणि तो खंड उघडला.

इंग्रजी अवघड होतं, पण मी सावकाश वाचणारा माणूस आहे. लिहिलं होतं की हा रोग फार विरळा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढायला हिरड्यांपाशी गोळा होतात, पण त्यांना लढता येत नाही. सूज हटत नाही. दाताखालचं हाड झिजतं, दात सुटतो. अशा माणसांना इतर ठिकाणीही पू धरण्याचा धोका असतो. हा दोष जन्माचा. आणि तो एकट्या आईचा नसतो, एकट्या बापाचा नसतो. दोघांच्याही अंगात तो लपून असावा लागतो, त्यांना स्वतःला काहीही न होता. दोघांकडून आला तरच मुलात उमटतो. म्हणून तो नात्यातल्या लग्नांत जास्त दिसतो. दुसऱ्या पानाच्या तळाशी एक वाक्य होतं. ज्या घराण्यात हा रोग आढळला आहे, तिथे पुन्हा नात्यात लग्न करणं टाळावं.

मी ते वाक्य चिठ्ठीवर मराठीत उतरवलं, चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि खंड मिटला. मला बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते. पण बरं वाटलं.

तर भाऊबीजेची सकाळ. चकली खाऊन झाली. मी पाटावर बसलो. आक्काने टिळा लावला, अक्षता टाकल्या, ओवाळलं. मी इंदूने आणलेली साडी ताटात ठेवली. आक्काने साडीकडे पाहिलंसुद्धा नाही. ताट तिने हातात तसंच धरून ठेवलं.

"नरू, साडी ऱ्हाऊ दे. औंदा मला येगळी ओवाळणी पायजे."

"काय?"

"तुजी लेक. माज्या इश्वासाला."

इंदू स्वयंपाकघरात होती. आतली भांडी वाजायची थांबली.

"आक्का," मी म्हणालो.

"काय आक्का? तुला म्हाईत न्हाई व्हय माजा पोरगा? कारखान्यात फिटर हाय. दारू न्हाई, तंबाखू न्हाई. वैजूला मी चुलीला हात लावू द्यायची न्हाई. शिकू दे की तिला काय शिकायचं ते. तालुक्याला कालेज हाय." ती थांबली. मग आवाज उतरला. "आनि माजं बी यक हाय. तुजी पोर माज्या घरात आली की गावाची तोंडं बंद व्हतील. म्हनतील, रगात वंगाळ असतं तर भावानं लेक दिली असती का?"

हेच तिला हवं होतं. आज कळतं. वीस वर्षांच्या भांडणात तिला एक साक्षीदार हवा होता, आणि माहेराकडून एवढा मोठा साक्षीदार दुसरा नव्हता.

मी खिशातली चिठ्ठी काढली.

"आक्का, मॅडमनी मला एक पुस्तक दिलं होतं. हौसाच्या आजाराचं."

"त्याचं काय आता?"

"हा दोष रक्तातला आहे. जन्माचा. दाजींकडून आला तसा तुझ्याकडूनही आला."

आक्का ताटासकट पुढे वाकली. निरांजन विझलं नाही, पण ज्योत आडवी झाली.

"माज्याकडनं?"

"दोघांकडून. आबांचं आणि आत्याचं रक्त एकच ना? ते तुझ्यातही आहे, दाजींतही. माझ्यातही असेल. वैजूतही असेल. म्हणून पुस्तकात लिहिलंय, पुन्हा आपसात लग्न करू नये."

"आनि केलं तर?"

चिठ्ठीवर 'टाळावं' असं होतं. मी म्हणालो, "केलं तर मुलांना होणार."

"व्हनारच?"

"होणारच."

हे पुस्तकात नव्हतं. हे मी बोललो. का बोललो ते मला तेव्हाही ठाऊक होतं. 'होईल' म्हटलं असतं तर आक्का म्हणाली असती, 'न्हाई बी व्हनार,' आणि मग मला खरं कारण सांगावं लागलं असतं.

आक्का खाली बसली. ताट तिने मांडीवर घेतलं.

"म्हातारी खरं बोलत हुती म्हन की," ती म्हणाली. "मरताना. मी आनलं."

"तसं नाही आक्का. दोघांनी."

"दोघांनी म्हंजी मी बी."

दाराशी हौसा उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. हातात अर्धी चकली तशीच होती. ती माझ्याकडे आली आणि समोर खाली बसली, अगदी जवळ. पदर खांद्यावरच होता. तिने मला विचारलं, स्वच्छ आवाजात, नव्या दातांमुळे शब्दांना जरा शिट्टी येत होती.

"मामा, म्हंजी माज्या पोरास्नीबी व्हनार?"

हौसासाठी एक स्थळ आलं होतं, ते इथे सांगायला हवं. विश्वासच्या कारखान्यात वजनकाट्यावर भार्गव नावाचा एक माणूस होता. चिपळूणकडचा. त्याने हौसाला दोनदा पाहिलं होतं, तिचे हात पाहिले होते, रिकामं तोंड पाहिलं होतं, आणि तरी विचारणा केली होती. म्हणाला होता, "माझ्या आजीलाही दात नव्हते. तिच्या हातची चव अजून कुणाला नाही." आक्का राजी नव्हती. कुठला कोण, ना नात्यातला ना गोत्यातला, दात नाहीत म्हणून पोर घाटाखाली ढकलू का, म्हणायची. नातेवाइकांत तिला हौसासाठी कुणी मिळत नव्हता आणि परका तिला नको होता.

हौसा माझ्याकडे बघत होती. आक्काही बघत होती. स्वयंपाकघराच्या दारात इंदू आली होती.

मला उत्तर माहीत नव्हतं. तसं मी म्हणू शकलो असतो. "थांब, वाचून सांगतो," एवढं तरी. खंड कपाटावर माझ्या डोक्यापासून दोन हातांवर होता. पण मी आत्ताच 'होणारच' असं म्हणालो होतो. हौसाला नाही म्हटलं असतं तर आक्काने लगेच विचारलं असतं, रोगी पोरीच्या पोरांना होत नाही तर माझ्या धडधाकट पोराच्या पोरांना कसं होईल? तो प्रश्न मला आधीच ऐकू आला.

मी मान हलवली. हो अशी.

"व्हय?" तिने पुन्हा विचारलं.

"तसंच आहे बाळ."

हौसा उठली. मोरीपाशी गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला. परत आली तेव्हा तोंडावर पदर होता. दुपारी जेवताना तिने ताक-भात खाल्ला. वैजूने तिच्या ताटात चकली वाढली, ती तिने पदराखालून हसून परत काढून ठेवली.

तीनच्या एस.टी.ने त्या गेल्या. आक्काने साडी नेली नाही. ताटात तशीच ठेवून गेली. स्टँडवर तिने मला एवढंच म्हटलं, "नरू, ह्ये दाजीस्नी सांगू नगंस. त्येंच्या हातात कोलीत मिळंल." मी सांगणार नव्हतोच.

मोरीच्या कट्ट्यावर, दात घासायच्या डबीशेजारी, हौसाची कवळी एका वाटीत पाण्यात ठेवलेली होती. विसरली असेल असं इंदू म्हणाली. वरचे चौदा आणि खालचे चौदा दात पाण्यात बुडून होते, चकलीचा एक कण अजून एका दाताशी अडकलेला.

सुट्टी संपली. सोमवारी मी खंड कॉलेजात परत नेला. जागेवर ठेवण्यापूर्वी पुस्तक चाळून बघायची माझी सवय, कुठे पान दुमडलंय का, कुठे काही राहिलंय का. मॅडमची खूण तिसऱ्या पानावर होती.

मी आयुष्यात पुस्तक अर्धं सोडलेलं नाही. कंटाळवाणी पुस्तकंसुद्धा सूचीपर्यंत वाचतो, त्यावरून कॉलेजात माझी थट्टा व्हायची. त्या दिवाळीत मात्र मला हवं ते वाक्य मिळाल्यावर मी थांबलो होतो. मॅडमनी तीन पानं म्हटली होती. मी दोन वाचली होती.

तिसऱ्या पानावर पहिल्याच परिच्छेदात होतं की हा रोग झालेल्या माणसाने नात्याबाहेर लग्न केलं तर त्याच्या मुलांना रोग होण्याचा संभव जवळजवळ नाही. मुलं दोष घेऊन जन्मतील, पण तो आयुष्यभर लपलेलाच राहील. त्याखाली एक तक्ता होता. मी उभ्यानेच आकडेमोड केली. वैजू आणि विश्वासच्या मुलांनासुद्धा हा रोग होण्याचा संभव चोवीसात एक निघाला. चोवीसात एक. आणि हौसा आणि भार्गवच्या मुलांना जवळजवळ शून्य.

मी पत्र लिहायला घेतलं. पोस्टकार्ड लिहिलं आणि फाडलं, कुणीही वाचेल म्हणून. आंतरदेशीय पत्र लिहिलं. त्यात 'मला पुढचं पान वाचायचं राहिलं होतं' असं वाक्य आलं आणि मी थांबलो. ते वाक्य न घालता लिहून पाहिलं, तर पत्राला काही अर्थच उरेना. चार वेळा लिहिलं. मार्गशीर्ष गेला. पौषात विश्वासचं कार्ड आलं, इतर गोष्टींत एक ओळ होती. हौसाने स्वतःच नको म्हटलं, भार्गव बदली घेऊन गेला. मग मी लिहिणं सोडलं. आता काय उपयोग, असं स्वतःला सांगितलं. हे सांगायला मला फार वेळ लागला नाही.

वैजूने एम.एस्सी. केलं, तिचं लग्न झालं, सुखात आहे. विश्वासलाही परगावची, बाहेरची मुलगी केली. त्याची दोन्ही मुलं खणखणीत आहेत.

हौसाला मी शेवटची पाहिली ती त्र्याण्णव साली, जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात. महिनाभर ताप उतरत नव्हता. यकृतात पू झाला होता. डॉक्टर म्हणाले, एकदा काढला, पुन्हा धरला, हिची प्रतिकारशक्ती कशी आहे कळत नाही. मला कळत होतं, ते दुसऱ्या पानावर होतं. मी त्यांना रोगाचं नाव लिहून दिलं. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "आधी का नाही सांगितलंत?" ती अठ्ठावीस वर्षांची होती, दिसत होती पन्नाशीची.

आक्का भांड्यात पाणी आणायला खाली गेली. मी स्टुलावर बसलो. सहा वर्षं जे लिहिता आलं नाही ते मी एका दमात बोलून टाकलं. की पान वाचायचं राहिलं होतं. की तुझ्या मुलांना काही झालं नसतं.

हौसा ऐकत होती. तापातही तिने पदर तोंडावर धरला होता, त्या जाड, भेगाळल्या हाताने.

"मला ठावं हुतं मामा," ती म्हणाली.

"काय?"

"बाईंनी सांगितलं हुतं. दात बसवले त्या दिशी. म्हनल्या, भाईरचा बग, पोरं चांगली निपजतील."

"मग मला का विचारलंस?"

"आईसाठनं." तिला दम लागला, ती थांबली. "आई बाईंचं ऐकनार न्हवती. म्हनायची, त्या परक्या, त्यास्नी काय जातंय बोलाया. म्हनलं मामा सांगंल आईम्होरं, मग आई हूं म्हनंल भार्गवला. म्हनून इचारलं मी. समद्यांम्होरं."

मी तिच्याकडे बघू शकलो नाही. खाटेच्या लोखंडी दांड्यावर कुणीतरी नखाने रंग खरवडला होता, तिकडे बघत राहिलो.

"मग तुमी मान हलवली," हौसा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "म्हनलं, बाईंनी मन राखाया सांगितलं आसंल. मामा कशाला खोटं बोलंल? मामा पुस्तकं वाचतोय."

जिन्यावर आक्काच्या चपलांचा आवाज आला. हौसाने पदराखालून हात काढला आणि माझ्या मनगटावर ठेवला. तो हात खरखरीत होता आणि तापाने कढत.

"आईला सांगू नगा आता," ती घाईने म्हणाली. "तिला वाटंल, तिनंच आडवलं."

आक्का आत आली. भांडं खाटेखाली ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"काय चाललं हुतं मामा-भाचीचं?"

"काही नाही," मी म्हणालो.